हजेरी संदर्भसूचीची

आमच्या सरांना विनोद सांगता येत नसे. विनोद चांगला असायचा, सांगायची हौसही दांडगी होती, पण तोंड उघडल्या उघडल्या ते म्हणत, "हा माझा नाही. आर्वी नाक्यावरच्या चहावाल्याचा आहे. त्यानं कुठून आणला ते त्याला आठवत नाही, मी दोनदा विचारून पाहिलं." मग विनोद. आणि ऐकणारा हसायच्या बेतात असताना पुन्हा, "शेवटचं वाक्य मी थोडं बदललंय, मूळचं इतकं चांगलं नव्हतं." एवढं झाल्यावर हसू कुठे शिल्लक राहणार? आम्ही हसायचो, पण सरांना.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. केली. वर्ध्याच्या एका कॉलेजात ते मराठी शिकवत आणि मी तिथेच तासिका तत्त्वावर होते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. शिकवायचं कायम प्राध्यापकाइतकं आणि स्टाफरूममध्ये बसायचं पाहुण्यासारखं. कायम व्हायचं तर नावामागे डॉक्टर लागायला हवं होतं. गाइड तसे बरेच होते, पण ज्यांच्या हाताखालून गेलेला प्रबंध विद्यापीठातून कधी परत आला नाही असे हे एकच. त्याचं खरं कारण मला नंतर कळलं. त्यांच्या हाताखालून प्रबंध सहसा जातच नसे.

पोरांनी त्यांचं नाव 'आधार कार्ड' ठेवलं होतं. काहीही बोला, सरांचा पुढचा शब्द ठरलेला.

"सर, उद्या सुट्टी आहे म्हणतात."

"आधार?"

"सगळेच म्हणतात, सर."

"सगळ्यांपैकी एकाचं नाव सांग."

हे टोपणनाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता भडकणार. सर म्हणाले, "चांगलं आहे. पण पहिल्यांदा कोणी ठेवलं ते शोधून काढा. त्या पोराला त्याचं श्रेय मिळालं पाहिजे." कोणी पुढे आलं नाही. सर बरेच दिवस हळहळत होते.

कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी थोर माणसाच्या नावावर एखादं गोड वाक्य टाकायचं, खाली उगवता सूर्य. सरांचं उत्तर लगेच हजर: "पुस्तक? पान?" थोर माणसानं ते वाक्य कधीच म्हटलेलं नसायचं. वाक्य टाकणारा चिडायचा, बाकीचे अंगठे दाखवायचे, आणि सरांना वाटायचं अंगठे आपल्याला आहेत. शेवटी प्राचार्यांनी दोन ग्रुप केले, एक सरांसकट आणि एक सरांशिवाय. सरांसकटच्या ग्रुपवर फक्त परिपत्रकं यायची, कारण त्यांना जावक क्रमांक असतो.

एका सहकाऱ्याच्या शोकसभेत वक्ते म्हणाले, "ते अजातशत्रू होते." सर उठले. सर शांतपणे म्हणाले, "मी त्यांच्याशी दोनदा कडाडून भांडलेलो आहे, दोन्ही वेळा चूक त्यांची होती. तेव्हा हे विधान दुरुस्त करावं. मात्र दुसऱ्या भांडणानंतर ते माझ्या घरी संत्री घेऊन आले होते, हे त्यात घालावं." सभेत कुजबुज झाली, पण त्या गृहस्थांच्या पत्नी पदर डोळ्यांना लावून हसल्या. त्या दिवशी नवऱ्याबद्दल खरं बोललेला तो एकच माणूस होता, असं त्या पुढे मला म्हणाल्या.

सरांचं घर वर्ध्याला लागूनच, सिंदी मेघेत. काकू मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सरांना घाबरत नसत. जेवायला बसलं की सर ताटाकडे बोट दाखवून सांगू लागत, "वांग्याची भाजी माझ्या सासूबाईंच्या पद्धतीची. त्यात जवस घालायचं शेजारच्या ताईंनी शिकवलं. पोळ्या आमच्या हिच्या." काकू वाढता वाढता म्हणत, "आणि मीठ जास्त झालं की सगळा आधार माझा." मुलीच्या लग्नपत्रिकेवर वर दोन ओळी कवितेच्या होत्या, तर खाली कवीचं नाव, संग्रह, आवृत्ती आणि पृष्ठ. छापखानेवाला म्हणाला, "सर, पान नंबर पन टाकू?" सर म्हणाले, "नाहीतर पाहुण्यांनी शोधायचं कुठे?"

हे सगळं विक्षिप्त वाटतं, आणि होतंच. पण मला त्याचा कंटाळा कधी आला नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घेताना सरांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद दिसायचा. पाहुण्यांना आपल्या घरच्या माणसांची ओळख करून द्यावी तसे ते चहावाल्याचं, शेजारणीचं नाव घेत. मला ते आवडायचं, आणि आजही कोणी दुसऱ्याचं बोलणं आपलं म्हणून खपवू लागलं की माझं डोकं तापतं ते सरांमुळेच.

आता हजेरीबद्दल. प्रबंध लिहून झाला की विद्यार्थ्यानं संदर्भसूची घेऊन सरांच्या घरी जायचं. सर व्हरांड्यात खुर्चीवर बसणार, विद्यार्थी समोर उभा. सर एकेक नोंद मोठ्यानं वाचणार, तीही विरामचिन्हांसकट: आडनाव, स्वल्पविराम, नाव, स्वल्पविराम, ग्रंथाचं नाव, प्रकाशन, गाव, साल, पूर्णविराम. प्रत्येक नोंदीला विद्यार्थ्यानं त्या पुस्तकाच्या वतीनं उत्तर द्यायचं. पुस्तक स्वतः उघडून वाचलं असेल तर 'हजर'. दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात त्याचा उतारा पाहिला असेल तर 'ऐकीव'. ऐकीव म्हणायची लाज नव्हती. फक्त मग नोंदीत 'उद्धृत' लिहून मधल्या माणसाचं नाव द्यावं लागे. लाज होती ती ऐकीव पुस्तकाला हजर म्हणण्याची. सर पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा रंग विचारत, अर्पण कोणाला केलंय ते विचारत. माझ्या आधीच्या एका विद्यार्थ्यानं छातीठोकपणे हजर सांगितलेलं पुस्तक अजून निघालेलंच नव्हतं, नुसती जाहिरात आली होती. तो गडी पुढे राजकारणात गेला आणि तिथे त्याचं बरं चाललंय.

माझा विषय होता सेलू आणि सिंदी रेल्वे या गावांच्या बाजूच्या बौद्ध बायांची कामावरची गाणी. मी त्याच बाजूची. माझी आत्या पऱ्हाटीत कापूस वेचताना एक गाणं म्हणायची, ते मला लहानपणापासून पाठ होतं:

पऱ्हाटी राहू दे उभी, पाटला, बोंड फुटलं तं फुटू दे,
माय माही नागपूरले चालली, गाठ जुनी सुटू दे.

पुढे आणखी एक कडवं, माय धुतलेलं लुगडं नेसून निघाली आणि लेक दारात उभी आहे, असं. आत्याला एवढंच येत होतं. हे गाणं मला छापील पुस्तकांत बऱ्याच ठिकाणी सापडलं. प्रत्येक ठिकाणी तीच दोन कडवी आणि खाली 'पारंपरिक विरहगीत'. एका संपादकांनी तर लिहिलं होतं की माय बहुधा नागपूरच्या गिरणीत कामाला चालली असावी आणि मायलेकींची ताटातूट हा गाण्याचा विषय आहे. मी वाचून पुस्तक मिटलं आणि चांगली अर्धी बाटली पाणी प्यायले. दसऱ्याच्या सुमाराला, कापूस फुटलेला असताना, पाटलाला 'राहू दे तुझी पऱ्हाटी' असं सुनावून ती माय नागपूरला कशाला चालली आहे, हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही कळतं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला चालली आहे ती! विरह कसला आलाय त्यात?

मग मी हट्टालाच पेटले. ह्याला विरहगीत म्हणणारा पहिला शहाणा कोण, ते शोधायचंच. ह्या पुस्तकानं त्या पुस्तकातून घेतलं होतं, त्यानं एका स्मरणिकेतून, स्मरणिकेनं आणखी कुठल्या लेखातून. काहींनी आधार दिला होता, काहींनी नुसतंच उचललं होतं, पण दोन कडव्यांच्या पुढे कोणीच गेलं नव्हतं, त्यावरून सगळ्यांची विहीर एकच आहे हे दिसत होतं. शेवटी एका कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकापर्यंत येऊन मी थांबले. तिथे तो लेख होता. त्याच्या आधी काही नव्हतं. लेखकाचं नाव वाचलं आणि मी ग्रंथालयाच्या बाकावर बसूनच राहिले, कारण तो लेख आमच्या सरांचा होता.

सरांनी आपल्या त्या लेखाबद्दल मला कधी सांगितलं नव्हतं. स्वतःचं लिखाण विद्यार्थ्यांना वाचायला लावणं त्यांना असभ्य वाटायचं. "स्वतःच स्वतःचा आधार देणं म्हणजे आपल्याच खांद्यावर बसून मिरवणूक काढणं," ते म्हणत. पण एका जुन्या लेखामुळे त्यांचं नाव झालं होतं, लोकगीतांचे अभ्यासक म्हणून ते ओळखले जायचे ते त्याच्यामुळे, एवढं मी ऐकून होते; तो लेख हाच, हे तेव्हा कळलं.

आता माझी अडचण सांगते. सर त्या वर्षी निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध गेला नाही तर गाइड बदलणार, नवा माणूस पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरू करणार, आणि इकडे आमच्या कॉलेजात कायम जागेची जाहिरात येऊ घातली होती. स्टाफरूममधली एक मैत्रीण म्हणाली, "अवं, 'पारंपरिक' लिहून टाक नं. सगळ्यायनंच लिवलं हाय. तुह्या एकटीच्या लिवण्यानं काय बदलून राह्यलं?" तिचं म्हणणं व्यवहाराचं होतं. मी तरीही सरांचा लेख संदर्भसूचीत घातला, मजकुरात तो चुकीचा आहे असं कारणांसकट लिहिलं, आणि हजेरीला गेले.

सर वाचत गेले, मी हजर-हजर म्हणत गेले. मग ते एका नोंदीवर आले. आडनाव वाचलं, स्वल्पविराम म्हणाले, आणि थांबले.

"हा कोण?"

"तुम्हीच, सर."

"लेख वाचला का?"

"हजर."

त्यांनी प्रबंधातलं ते पान काढायला लावलं. वाचलं. परत वाचलं. सर रागावले किंवा हलले की वर्गातली मराठी सोडून घरच्या बोलीत जात. त्या दिवशी गेले.

"मी याले विरहगीत म्हनलं होतं?"

"हो, सर."

"अन् म्हननारी कोन, ते लिवलं नाई?"

"नाही, सर. 'सिंदी रेल्वे स्थानकावर एका मजूर स्त्रीकडून ऐकलेले', एवढंच आहे."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सर त्यांच्याकडेही न पाहता बोलू लागले. ते नवे नवे प्राध्यापक होते तेव्हाची गोष्ट. बाया कामावर जायला पॅसेंजरची वाट पाहत फलाटावर बसल्या होत्या. एकीनं गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. हे जवळ जाऊन लिहू लागले. दोन कडवी झाली आणि गाडी आली, बाया चढून गेल्या.

"गाडी आलती म्हनून नाव पुसाचं राह्यलं, असं मी सांगत आलो," सर म्हणाले. "गाडी आलती हे खरं हाय. पन त्याच्या आंधी अर्धा घंटा मी तिच्या म्होरं बसून होतो. शब्द पुसले, चाल पुसली, लुगडं कोन्त्या रंगाचं थेही पुसलं. नाव नाई पुसलं. काऊन नाई पुसलं मी?"

त्यांनीच उत्तर दिलं.

"कारन मले वाटलं, बायाइच्या गान्याले नाव नसतेच."

काकू म्हणाल्या, "आता वाटत नाही ना? मग चहा घ्या आणि कामाला लागा." सरांना काकूंच्या शाळेत घातलं असतं तर ते नक्की वर्गात पहिले आले असते, असं मला तेव्हा वाटलं. चहा घेऊन ते खरंच कामाला लागले. म्हणाले, सूची अजून पुरी झाली नाही, मुख्य नाव गैरहजर आहे. ते मिळेपर्यंत प्रबंधावर सही नाही.

मी मनातून चरफडले. प्रबंध जवळजवळ तयार होता, आणि लेख चुकला त्यांचा, थांबायचं मी. पण खरं सांगू का, मलाही ते नाव हवंच होतं. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "थे तं तानीचं गानं. आमच्या लहानपनी सगळ्या तानीचंच म्हनत." मी धावत सरांना सांगितलं. सर म्हणाले, "एकीनं सांगितलं ते ऐकीव. एकमेकींना न भेटता दोघींनी सांगितलं तर आधार." मग मी पुन्हा गावोगाव फिरले. सेलूच्या पलीकडे एका म्हातारीनं आपणहून तेच नाव घेतलं, आणि वर सांगितलं की तानाबाई अजून आहे, सिंदी रेल्वेच्या पुढच्या एका गावात, लेकाकडे.

आम्ही दोघं एसटीनं गेलो. अंगणात बाजेवर तानाबाई बसल्या होत्या, बारीक अंगाच्या, नजर मात्र अशी की आपण चप्पल नीट काढली की नाही ते आपणच खाली बघून घ्यावं. सुनेनं चहा आणला. सर खुर्ची नाकारून जमिनीवर बसले आणि सरळ म्हणाले, "तानाबाई, मी तुमचं गाणं छापलं. तुमचं नाव न देता छापलं, आणि त्याचा अर्थही चुकवला. माफी मागायला आलो आहे."

तानाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोन व्हय वो, पोरी?"

"माझे सर आहेत, आजी."

"कोन्तं गानं छापलं म्हनते?"

मी पहिली ओळ म्हटली. त्यांनी मान हलवली आणि पुढचं स्वतःच धरलं. आवाज कापरा, पण ताल कुठे चुकला नाही. दोन कडवी झाली. तिथे सगळी पुस्तकं संपत होती. तानाबाई श्वास घेऊन पुढे गेल्या:

येईन माय परतून माही, नवं मानूस होऊन येईन,
वावरात तुह्या, पाटला, मंग मजुरी ठरवून जाईन.

सर लिहीत होते, त्यांचा हात थांबला. "विरहगीत!" ते स्वतःशीच म्हणाले. "आन् मी याले विरहगीत म्हनलं, बावा!"

तानाबाईंनी हळूहळू सांगितलं. माय दीक्षेला गेली, ह्या लहान म्हणून घरी राहिल्या. तेव्हा वावरात काम करताना गाणं जुळवलं. बाकीच्या पोरींनी उचललं. बापानं ऐकलं आणि तोंड दाबलं. "पाटलाचं नाव घेते म्हने गान्यात. काम तुटन. मंग मी घरात नाई म्हनलं. वावरात म्हनलं, ठेसनावर म्हनलं."

स्टेशनाचं नाव निघताच सर पुढे सरकले. "सिंदीच्या फलाटावर एका तरुण मास्तराला तुम्ही हे गाणं सांगितलं होतं का? बाया कामावर चालल्या होत्या. तो लिहून घेत होता."

तानाबाई सरांकडे निरखून पाहत राहिल्या.

"मी असन. नाई तं दुसरी कोनी असन. त्या टायमाले सगळ्याच म्हनत होत्या गुर्जी, कोना-कोनाचं ध्यानात ठेवू?"

मी सरांना हळूच म्हणाले, "सर, त्याच असतील. किती छान होईल तसं लिहिलं तर." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विचार तिथेच सोडला. "असतील," ते म्हणाले, "आणि नसतीलही. गाणं यांचं आहे याला आधार आहे. फलाटावर या होत्या याला नाही. लिहिता येणार नाही." त्यांना ते लिहायची किती इच्छा झाली असेल ते मला दिसत होतं. चूक कोणाच्या बाबतीत केली ते कळलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी ते सुख घेतलं नाही, आणि मला त्या माणसाबद्दल जो काही आदर आहे तो त्या अंगणातला आहे.

मग नोंद लिहायची वेळ आली. आमच्या शैलीत आडनाव आधी येतं. मी विचारलं, "आजी, आडनाव भगत ना?"

"भगत नोको लिवू. भगताच्या घरी आली तव्हा गानं होऊन गेलतं."

"मग माहेरचं? थूल?"

"थूलाच्या घरी तं तोंड दाबलं. त्याइचं काऊन लावतं?"

"मग काय लिहू?"

"तानाबाई लिव. गानं तानाबाईनं केलं."

मी सरांकडे पाहिलं. ह्या माणसानं एका स्वल्पविरामासाठी लोकांचे प्रबंध परत पाठवले होते. एकदा एका मुलीनं नाव आधी आणि आडनाव नंतर लिहिलं म्हणून तिची सगळी सूची नव्यानं टाइप करायला लावली होती. सर थोडा वेळ पेन दातात धरून बसले. मग म्हणाले, "तानाबाई, पूर्णविराम. पुढे गाव, तारीख, प्रत्यक्ष कथन. 'त'मध्ये लाव." आणि त्यांनी तिथेच प्रबंधावर सही करायचं कबूल केलं.

प्रबंध वेळेत गेला. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक मोठे गृहस्थ होते. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात हे गाणं सरांच्या लेखाचा आधार देऊन 'पारंपरिक विरहगीत' म्हणून छापलेलं होतं, आणि माझ्या प्रबंधात ते पुस्तकही चुकांच्या यादीत आलं होतं, हे मी विसरले नव्हते. त्यांनी सगळं नीट विचारलं. मी नीट सांगितलं. तोंड माझं कधीच कमी नव्हतं. मग त्यांनी सूची उघडली.

"ह्या एका नोंदीला आडनाव नाही. हा निष्काळजीपणा आहे का?"

"नाही, सर. कवयित्रीनं दोन्ही आडनावं नाकारली. कारण मजकुरात दिलं आहे."

"कारण वाचलं मी. पण शैली म्हणजे शैली. ही नोंद तिच्यात बसत नाही. आडनाव लावून दुरुस्त करा, किंवा नोंद परिशिष्टात 'माहितीदार' म्हणून टाका. मग मी अहवाल देतो."

जाहिरात, मुलाखत, कायम जागा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आडनाव लावायला एक मिनिट लागणार होतं. मी म्हणाले, "आडनाव लावणार नाही, सर." आवाज कापला नाही याचं मला आजही बरं वाटतं.

परीक्षक आमच्या सरांकडे वळले. शैलीच्या बाबतीत सरांची ख्याती त्यांनाही ठाऊक होती. सर उठून उभे राहिले.

"शैलीत बसत नाही हे तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मी आयुष्यभर प्रबंध याहून लहान चुकांसाठी परत केलेत. तुम्हीही करा. फक्त मग तानाबाईंकडे तुम्ही स्वतः जा आणि कोणतं आडनाव लावू ते त्यांना विचारून या. मी पत्ता देतो." आणि त्यांनी खरोखर कागद ओढून पत्ता लिहायला घेतला. गाव, फाटा, कोणती बस, उतरल्यावर कोणाला विचारायचं, सगळं. शेवटी लिहिलं, 'चप्पल नीट काढावी', आणि कागद परीक्षकांपुढे सरकवला.

परीक्षकांनी तो वाचला. मग सरांकडे बघत म्हणाले, "तुमचा लेख खोटा पडला, त्याचं तुम्हाला काही नाही?"

"वाईट वाटलं," सर म्हणाले. "पण माझ्याच विद्यार्थिनीनं पाडला, म्हणून घरी कौतुकानं सांगितलंसुद्धा."

परीक्षकांनी बराच वेळ चष्मा पुसला. शेवटी म्हणाले, आडनाव का नाही याची तळटीप त्या नोंदीलाच जोडा. सर लगेच म्हणाले, "तळटीप हवीच. ती मला आधी सुचायला हवी होती." आणि तळटीप परीक्षकांच्या सूचनेवरून आहे, हेही तळटिपेत घालायला लावलं. परीक्षकांनी सही केली. पुढच्या आवृत्तीत त्यांनी आपल्या पुस्तकातला 'पारंपरिक' शब्द काढला, हे इथे सांगितलं पाहिजे.

प्रबंध बांधून आल्यावर आम्ही तो घेऊन तानाबाईंकडे गेलो. सर तोवर निवृत्त झाले होते आणि माझी नेमणूक अजून व्हायची होती, म्हणजे दोघंही तसे मोकळेच होतो. तानाबाईंनी तो जाडजूड ग्रंथ मांडीवर घेतला, पुठ्ठ्यावरून हात फिरवला. त्यांना वाचता येत नव्हतं. सरांनी शेवटची पानं उलटून त्यांचं बोट धरलं आणि नावावर ठेवलं.

"हे तुम्ही."

"अन् याच्या वरतं कोन हाय?"

"पुण्याचे एक मोठे प्राध्यापक. बरीच पुस्तकं आहेत त्यांची."

"खालतं?"

"मुंबईचे एक समीक्षक. तेही फार मोठे."

"अन् तुमी कोठी हा, गुर्जी?"

"मी खाली आहे. पुढच्या पानावर."

तानाबाई बोट न उचलता त्या ओळीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "लय दाटीवाटीनं बसवलं वो मले. त्या दोघाइले सांगा, जरासे सरकून बसा म्हना."